गच्चीवर दुली झोपत नाही

माझ्या भावाची पोर दुलेश्वरी, आमची दुली, चौथीत आहे. दिवसभर झाडावरनं खाली उतरत नाही, पण संध्याकाळी शाळेच्या गच्चीवर पाय ठेवला की हिचं तोंड उतरलंच म्हणून समजा. सगळं गाव आडवं व्हायचं आणि ही आपली पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसलेली, डोळे टक्क उघडे. तिला झोपवायचं काम माझ्या, म्हणजे तिच्या फूफूच्या, आत्याच्या गळ्यात पडलं. मला ना नवरा ना पोर, आणि रिकामी बाई रिकामी बसलेली कुणाला बघवत नाही.

गच्चीवर झोपायची आम्हाला हौस नाही. धान पिवळं पडलं की महाराज येतात. हत्ती हा शब्द आमच्याकडे दिवस मावळल्यावर कुणी तोंडातून काढत नाही. नाव घेतलं की ते जिथं असतील तिथं उभे राहून ऐकतात, असं म्हणतात. पूर्वी यायचे, खायचे, निघून जायचे. आता मुक्कामच ठोकतात. घरं आमची मातीची, त्यांनी नुसतं कपाळ टेकवलं तरी भिंत बसते. म्हणून या दिवसांत उजेड आहे तोवर जेवायचं, गोधड्या डोक्यावर घ्यायच्या आणि बाया, पोरं, म्हाताऱ्यांनी शाळेच्या सिमेंटच्या गच्चीवर चढायचं. मागच्या बाजूला अरुंद जिना आहे, त्यावर महाराजांचा पाय मावत नाही. पुरुष मशाली आणि डबे घेऊन शेताच्या बांधावर जागतात. माझा धाकटा भाऊ, दुलीचा बाप धनसाय, त्यांच्यातच.

आणि मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. तोंडानं फटकळ, काळजानं ससा. रात्री खाली वाळकं पान वाजलं तरी मी गोधडी डोक्यावरनं ओढून घेते. गच्चीवर मी नेहमी मधोमध जागा धरते, कडेला कुणीही झोपो.

सगळं गाव एका जागी झोपायला लागलं की काही म्हणून झाकून राहत नाही. कोण घोरतं, कोण झोपेत रडतं, कोणाची सून रात्री चोरून भाकर खाते, सगळं उघड्यावर. त्यात आमची सुकवारा काकी. ही बाई रात्री झोपत नाही आणि दिवसा गप्प बसत नाही. तिनं एखाद्याला नाव ठेवलं की ते चितेवरच सुटायचं. जिन्याच्या तोंडाशी पहाऱ्याला जो म्हातारा बसतो, तो तरुणपणी महाराजांना भिऊन भाताच्या कणगीत लपला होता. आता नातवंडांची लग्नं झाली, तरी तो कणगीबबाच. त्याचं खरं नाव मलाही आठवत नाही. मी चार महिन्यांत सासर सोडून आले, तर मी परतीची. माझी भावजय रमशीला, दुलीची आई, नवरी होऊन आली त्याच दिवशी घाबरून तिच्या हातनं पेजेचं भांडं कलंडलं. झाली पेजसांडी. विहिरीवर पेजसांडी, बाजारात पेजसांडी, माहेरचा भाऊ न्यायला आला तर त्याच्यासमोरही पेजसांडी. मी निबर आहे, कुणी बोललं तर दोन जास्त ऐकवते. रमशीला ऐकवत नाही. ती गिळते, आणि गिळलेलं कुठं जातं ते कुणाला दिसत नाही.

तर दुलीची झोप. माझं खोपटं तळ्याच्या पलीकडे, भावाच्या घरापासून लांब, त्यामुळे पोर घरी कशी झोपते मला काय ठाऊक. पण रमशीला सांगायची, घरी लाकडासारखी पडते. मग इथंच काय झालं? मी तळपाय तेलानं चोळून दिले. कोल्ह्याची गोष्ट सांगितली, ती संपली म्हणून त्याच कोल्ह्याचं लग्न लावलं, पोरं झाली, पोरांची भांडणं झाली. दुली ऐकत राहायची. मधेच मान कलायची, पापण्या मिटायच्या, आणि मला वाटायचं चला, गंगेत घोडं न्हालं. तेवढ्यात पोर दचकून ताठ बसायची. गूळ देईन म्हटलं, मारीन म्हटलं. शेवटी म्हटलं, डोळे मिट नाहीतर महाराज वर येतील. ती म्हणाली, जिन्यात मावत नाहीत फूफू.

रमशीलाही ओरडायची. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, झोप गं दुली, झोप मेले, सकाळी शाळा आहे. सुकवारा काकी अंधारातून म्हणायची, पोर भ्यालीय, महाराजांची नजर लागलीय तिला. मग बैगा, आमचा गावचा मांत्रिक, आला, त्यानं तांदूळ फुंकले, गळ्यात काळा दोरा बांधला. दोऱ्यानं काय होणार होतं. पोर वाळत चालली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, गालफडं बसलेली. गुरुजी म्हणाले वर्गात लिहिता लिहिता डोकं वहीवर पडतं, पेन्सिल हातात तशीच. एकदा तळ्यावर कपडे धुताना तिचा बसल्या जागी डोळा लागला आणि ती पाण्यात घसरली. शेजारच्या बाईनं केस धरून ओढली म्हणून वाचली. त्या दिवसापासून माझ्या जिवात जीव नव्हता. ही पोर झोपली नाही तर मरेल, हे मला दिसत होतं, आणि ती का झोपत नाही हे कुणाला कळत नव्हतं.

कळायला पाहिजे होतं खरं तर. एकदा ती शाळेतून माझ्याकडे आली, ओठ फुटलेले, जीभ कोरडी. मी पेजेचा वाडगा पुढे केला. तिनं हात मागे घेतला. दुपार झाली फूफू, म्हणाली, आता प्यायचं नाही. मी म्हटलं दुपारचा आणि तहानेचा काय संबंध. वाडग्याकडे बघत होती, पण तोंड लावलं नाही. तिच्या दंडावर आतल्या बाजूला बारीक निळे डाग होते. विचारलं तर म्हणाली, पडले. दंडाच्या आतल्या बाजूवर कुणी पडतं का? पण मला वाटलं शाळेत पोरांशी मारामारी केली असेल, आमच्या घराण्यात ते आहेच.

रमशीला रात्री एक गोष्ट न चुकता करायची. जुन्या लुगड्याची पट्टी काढून एक टोक आपल्या मनगटाला बांधायची, दुसरं दुलीच्या पायाच्या अंगठ्याला. गच्चीला कठडा नाही. पोर लोळत कडेला गेली तर ओढ बसून आईला जाग येईल, म्हणून. मला ते बघून बरं वाटायचं. म्हटलं, बाई बोलत नाही पण पोरीवर जीव टाकते.

त्या रात्री सगळे निवांत होते. कळप नदीपलीकडे गेल्याची खबर आली होती, पलीकडच्या गावात डबे वाजत असल्याचं बारीक ऐकूही येत होतं. दुसऱ्याच्या घरावर संकट गेलं की माणसाला कशी झोप लागते ते काही विचारू नका. सुकवारा काकीसुद्धा घोरायला लागली. मी दुलीच्या डोक्यावर हात फिरवता फिरवता केव्हा पडले मलाच कळलं नाही.

जाग आली ती अंगठ्याला हिसका बसला म्हणून. आधी वाटलं उंदीर. मग पुन्हा हिसका, चांगला जोरात. चांदणं पडलं होतं. बघते तर माझ्या पायाच्या अंगठ्याला लुगड्याची पट्टी, नीट दोन गाठी मारलेली, आणि तिचं दुसरं टोक रमशीलाच्या मनगटाला. रमशीला अर्धवट झोपेत, डोळे मिटलेले, आणि हात आपोआप ओढतोय. थोडं थांबायची, पुन्हा ओढायची. घरचा पाळणा हलवताना आईचा हात झोपेत चालतो ना, तसा. फक्त हा हात उलटं काम करत होता.

मी तिचं मनगट धरलं. तिनं डोळे उघडले, पट्टीकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं.

"दीदी, तुम्ही?"

"मी. आणि तू काय ओढतेस मघापासून?"

मग माझ्या पलीकडे बघितलं तिनं, दुलीच्या जागेकडे. तिथं गोधडी होती, दुली नव्हती. तिचा चेहरा चांदण्यात पांढराफटक पडला. पण ओरडली नाही हो ती. उठून गुडघ्यांवर रांगत झोपलेल्या माणसांमधून फिरली, एकेका गोधडीचं टोक उचलून बघत, पाऊल न वाजवता. टाकीमागे बघितलं, कडेला वाकून बघितलं. मीही तिच्या मागनं रांगत होते आणि दातओठ खात होते. म्हटलं, हाक मार ना, सगळ्यांना उठव. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"नको दीदी. कळेल सगळ्यांना."

"काय कळेल?"

मग ती बोलली, माझ्या कानाला तोंड लावून. "झोपली की तिचं होतं. अंथरुणात. एवढी मोठी झाली तरी होतं. घरी मी दिवस उगवायच्या आत धुऊन टाकते. इथं कुठं धुवू? सुकवारा काकी दोन हातांवर झोपते."

क्षणभर मला काही समजलंच नाही, आणि मग एकदम सगळं समजलं. दुपारनंतर पाणी नाही. दंडावरचे चिमटे. अंगठ्याची पट्टी. वरनं झोप गं झोप, आणि खालनं ओढ. पोरीला झोपवायला मी रात्र रात्र घसा कोरडा करत होते आणि ही शेजारी पडून तिला जागं ठेवत होती. माझा हात उठला होता, खोटं नाही सांगत. पण तिच्या तोंडाकडे बघितलं आणि खाली आला. ती म्हणाली, "माझ्यासारखं नको व्हायला तिचं. जन्मभर नको." एवढंच.

दुली कुठं गेली ते दोघींनाही विचार करावा लागला नाही. गाठ माझ्या अंगठ्याला मारून, जिथं झोपायला मोकळीक होती तिथं. घरी.

आम्ही जिन्याकडे वळलो, आणि तेव्हाच आमच्या वस्तीकडून आवाज आला. मातीची भिंत पडल्याचा आवाज ज्यानं एकदा ऐकलाय तो विसरत नाही. मोठा नसतो. भरलेलं पोतं कुणी जमिनीवर टाकावं तसा भप्प करून येतो, आणि मग थोडा वेळ काहीच नाही. कळप नदीपलीकडे होता, मग हा एकटा. कळपातनं हाकललेला नर एकटा फिरतो, आणि त्याच्यासारखा वाईट कुणी नाही. कळप माणसाला बघून पिल्लं सांभाळतो, वळतो. एकट्याला सांभाळायला कुणी नसतं.

कणगीबबा जिन्यावर दचकून उठला, शिटी तोंडात घातली, आणि आम्ही दोघी त्याला ओलांडून खाली. तो मागनं ओरडला, वेड लागलं का, कुठं चाललात. मला खरंच वेड लागलं असणार, कारण मी, जी मधोमध जागा धरते, ती अनवाणी, भर रात्री, महाराजांच्या दिशेनं पळत होते. पळताना देवाचं नाव आठवेना. रमशीला माझ्या पुढे होती. मागे शिटी वाजायला लागली.

आमच्या वस्तीवर चिटपाखरू नव्हतं, सगळी दारं कुलपात. आम्ही मागच्या गल्लीनं गेलो, भावाच्या परसाच्या कुंपणापाशी वांग्याच्या झाडांत बसलो. वारा आमच्या तोंडावर येत होता, एवढंच नशीब. त्या वाऱ्यात त्यांचा वास होता. ओल्या गवताचा, शेणाचा, आणि आणखी कसला तरी उग्र वास. तो नाकात गेला की माणसाच्या मणक्यातनं थंडी उतरते.

घर एकाच खोलीचं. एका बाजूला चूल, तिच्याजवळ तांदळाची कणगी, समोरच्या कोपऱ्यात खाट. मागची भिंत अर्धी खाली आली होती. महाराज बाहेर उभे होते, डोकं आणि पुढचे पाय घराच्या आत. पाठ छपराला लागलेली, कौलं एक एक करून निसटत होती. सोंड कणगीत जायची, तोंडाकडे यायची, आणि तांदूळ जमिनीवर सांडल्याचा आवाज यायचा. घाई नव्हती त्यांना. आपल्याच घरात जेवायला बसल्यासारखे खात होते. आणि त्यांच्या पायांच्या पलीकडे, फुटक्या भिंतीतनं आत चांदणं पडलं होतं तिथं, खाट दिसत होती. खाटेवर गोधडी. गोधडीतनं बाहेर आलेला एक हात, खाली लोंबणारा.

तो हात मेलेला आहे की झोपलेला, ते मला कळेना. आजवर कधी इतकी भ्याले नाही. मी बघत राहिले. मग त्या हातानं डास हाकलल्यासारखं काहीतरी केलं आणि पुन्हा लोंबायला लागला.

झोपली होती. भिंत पडली, कौलं पडली, पाच हातांवर एवढं मोठं जनावर, आणि पोर झोपली होती. इतक्या रात्रींची झोप एकदम आली होती तिला.

रमशीलानं हाक मारायला तोंड उघडलं. मी तिला मागनं धरलं आणि माझा पंजा तिच्या तोंडावर दाबला. ती चावली मला, खूण अजून आहे. मी सोडलं नाही. पुढचं दार बाहेरनं कुलपात, किल्ली रमशीलाच्या कमरेला, पण कुलूप खडखडलं तर महाराज बिथरणार. पोर आत शिरली होती मागच्या नुसत्या कडीच्या दारानं, आणि ते दार आता महाराजांच्या पायाखाली होतं. हाक ऐकून ती जागी झाली तर दाई, दाई म्हणत सरळ आईच्या आवाजाकडे धावणार, म्हणजे त्यांच्याच पायांत. मी रमशीलाच्या कानात म्हटलं, "हाक मारू नकोस. झोपलीय ती. झोपू दे."

मग तिला समजलं. तिचं अंग ढिलं पडलं. मी हात काढला. ती कुंपणाच्या काठीला धरून बसली आणि ओठांतल्या ओठांत म्हणायला लागली, झोप बाळा, झोप. उठू नको. झोप माझे बाई, अजून रात्र आहे. आवाज असा की मला शेजारी बसून जेमतेम ऐकू येत होता. मघापर्यंत तिच्या मनगटानं काय केलं होतं ते आम्हाला दोघींनाही ठाऊक होतं. मीही म्हणायला लागले. दोन बाया वांग्याच्या झाडांत बसून एका पोरीला झोपवत होत्या, आणि ती ऐकत नव्हती हेच बरं होतं.

कणगी रिकामी झाली असावी. सोंड बाहेर आली, जमिनीवर फिरली, मडकं उलटवलं, आणि खाटेकडे गेली. माझे डोळे आपोआप मिटले. पण न बघणंही सहन होईना, म्हणून उघडले. सोंडेचं टोक गोधडीवर फिरत होतं, हुंगत, फुस्स फुस्स. मग त्यांनी गोधडी उचलली. अलगद उचलली हो, एखाद्या बाईनं पोरावरचं पांघरूण काढावं तशी. दुली उघडी पडली. थंडी लागली असेल, तिनं गुडघे पोटाशी घेतले आणि कूस बदलली. खाट करकरली. महाराजांचे कान थांबले.

रमशीलाचं पुटपुटणंही थांबलं. सगळं थांबलं.

तेवढ्यात लांबून डबे. शिटी ऐकून पुरुष निघाले होते, मशाली घेऊन, आरडाओरडा करत, माझा भाऊ सगळ्यात पुढे असणार. त्याला कुठं माहीत होतं आत कोण आहे. आवाजानं पोर उठेल, आवाजानं हे बिथरतील, आणि बिथरले की पुढे जातील की मागे याचा भरवसा नाही. पुढे गेले तर खाट. मी धावत जाऊन पुरुषांना थांबवावं असं मनात आलं, पण पाय उचलेनात. खरं सांगते, उचलेनात. मी नुसती म्हणत होते, गप बसा रे, मेल्यांनो, गप बसा, पोर झोपलीय.

महाराजांनी गोधडी खाली टाकली. कोपऱ्यात मोहाच्या फुलांचं पोतं होतं, धनसायनं सणासाठी राखलेलं, त्याच्या वासानं महाराज येतात, घरात ठेवू नका म्हणून सगळ्यांना सांगितलेलं असताना. ते त्यांनी सोंडेत धरलं, ओढलं, आणि मागे सरले. एक पाय, दुसरा पाय. उरलेली भिंत त्यांच्या खांद्याला लागून खाली बसली. पोतं घेऊन ते आमच्यापासून कोंबड्यांच्या दोन खुराड्यांएवढ्या अंतरावरनं गेले, वांगी तुडवत. एवढं मोठं जनावर जाताना पावलांचा आवाज नाही. नाल्याकडे झाडी हलली आणि मग हलायची थांबली.

मग रमशीला उठली आणि पडलेल्या मातीवरनं चढून आत गेली. मी तिच्या मागे. पायाखाली तांदूळ, कौलांचे तुकडे, फुटलेलं मडकं. धूळ अजून खाली बसत होती. डबे जवळ जवळ येत होते.

दुली खाटेवर मुटकुळं करून पडली होती, तोंड उघडं, केसांत माती. तिच्याखालची चादर ओली होती, खाटेखाली जमिनीवर डाग पडला होता. रमशीला तिच्यापाशी बसली. हात लावायची तिची हिंमत होईना, हवेतच हात धरून होती. मग हळूच तिच्या गालाला लावला.

पोर तडक उठून बसली. मागची भिंत नव्हती, अर्धं छप्पर नव्हतं, वर चंद्र दिसत होता, बाहेर मशाली पळत येत होत्या. तिनं तिकडे बघितलंच नाही. तिनं आईचा चेहरा बघितला, दोन्ही हातांनी ओली चादर झाकली आणि भिंतीकडे सरकायला लागली.

"मी झोपले नव्हते, दाई," ती म्हणाली. "खरंच नव्हते झोपले."

रमशीलानं हात पुढे केला तसा तिनं आपला दंड पाठीमागे लपवला.